रायर तोप्पूचे ट्रंक कॉल

आमच्या चुलतसासऱ्यांइतका मेलेल्या माणसांत रमलेला, आणि त्यामुळेच इतका खुशीत असलेला माणूस मी उभ्या आयुष्यात दुसरा पाहिला नाही. लोक म्हातारपणी नातवंडांत रमतात, भजनात रमतात, फार तर स्वतःच्या मधुमेहात रमतात. हे गृहस्थ तंजावूरहून ओरत्तनाडूला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, एका आमराईत, एकेचाळीस समाध्यांमध्ये रमले होते. सकाळी चार इडल्या पोटात गेल्या की मोपेड बाहेर काढायचे आणि कुठे निघालात म्हणून विचारलं तर सांगायचे, "विठ्ठलपंतांकडे थोडं काम आहे." विठ्ठलपंतांना जाऊन दीड-दोनशे वर्षं झाली होती हे मला लग्नानंतर आठवड्याने कळलं. तोवर, हा कोण विठ्ठलपंत एवढा रिकामटेकडा, रोज सकाळी म्हाताऱ्या माणसाला उन्हातान्हात बोलावून घेतो, म्हणून मी त्यांच्यावर मनातून चिडून होते.

मी साताऱ्याची. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन तंजावूरला आले, राजवाड्यामागच्या एका गल्लीत, जिथे पिढ्यानपिढ्या मराठी बोलणारी घरं आहेत. बोलणारी म्हणजे निव्वळ बोलणारी. माझं मराठी ऐकून त्यांना वाटे की ही बाई वर्तमानपत्र वाचते आहे, आणि त्यांचं ऐकून मला वाटे की कुणीतरी बखर वाचतंय, तीही तमिळ चालीवर. वाचायला मात्र घरात कुणालाच येत नसे, एक काका सोडून, आणि काकांची तऱ्हा त्याहून न्यारी. त्यांना मोडी येत होती, आजोबांनी छडी घेऊन शिकवलेली. बाळबोध, म्हणजे आपली देवनागरी, येत नव्हती. माझ्या माहेरी सगळ्या गावाचं याच्या बरोबर उलटं. "तुमची ती बाळबोध म्हणजे वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसते," ते मला म्हणत, "सगळं एका दोरीला." आणि स्वतः मराठी लिहायचं झालं तर मोडीतही नाही, बाळबोधीतही नाही, सरळ तमिळ अक्षरांत लिहीत. हाताला तेच वळण होतं.

लग्नाच्या आठव्या दिवशी त्यांनी मला समाध्या दाखवायला नेण्याचा प्रस्ताव मांडला. नव्या नवरीला कुणी स्मशानात नेतं का, म्हणून मी आशेने काकूंकडे पाहिलं. काकू शांतपणे म्हणाल्या, "जाऊन ये हो एकदा. नाही तर ते त्यांना हिकडं घेऊन येतील." मग मी रेशमी साडी खोचून मोपेडच्या मागे बसले आणि वाटेतल्या प्रत्येक भाताच्या खाचराला रामराम करत त्या राईत पोचले. मराठ्यांच्या राज्यात ओरत्तनाडूला मोठं छत्र होतं, रामेश्वरच्या यात्रेकरूंना तिथे मुक्काम आणि जेवण मिळे. तिकडे चाकरीला म्हणून आपला मुलूख सोडून आलेली आणि परत न गेलेली ही माणसं. इथेच जळली, आणि राखेवर कुणी दगडी वृंदावन बांधलं, कुणी नुसता दगड रोवला. तमिळ लोक आम्हाला ‘रायर’ म्हणतात आणि राईला ‘तोप्पु’, म्हणून गावकऱ्यांच्या तोंडी त्या जागेचं नाव रायर तोप्पु.

काकांनी एकेका दगडापुढे मला उभं केलं. "हे विठ्ठलपंत, छत्राचे कारकून. विठ्ठलपंत, ही आमची नवी सून, साताऱ्याची. मराठी फार फास्ट बोलते, सांभाळून घ्या." एवढं सांगून ते मान किंचित कलती करून दोन-तीन सेकंद थांबत आणि मग पुढच्या दगडाकडे वळत. चौथ्या-पाचव्या वेळी मला राहवेना. "काका, मध्ये थांबता कशाला?"

"तिकडून कुणी बोलतं की काय ते पाहावं लागतं," ते म्हणाले. "लाइन लांबची आहे."

याचा उलगडा असा की काका सारा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, आणि दोन्ही हातांत दोऱ्या. तंजावूरच्या माणसाला मद्रासची बहीण हवी असली, मुंबईचा भाऊ हवा असला, तर ट्रंक कॉल काकांच्या हातून जायचा. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं फिसकटलं, हे त्या घरांच्या आधी काकांना कळायचं, आणि एक शब्द बाहेर फुटायचा नाही. सबंध नोकरीत आपल्या हातून एकही राँग नंबर लागला नाही, हे ते कुळाचार सांगावा तसं सांगत. पुढे इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आलं, कोपऱ्याकोपऱ्यावर एस्टीडीचे पिवळे बूथ उगवले, लोक स्वतःच नंबर फिरवून अमेरिकेशी भांडू लागले आणि काकांना खात्याने हार घालून घरी पाठवलं. जोडायला जिवंत माणसं उरली नाहीत. मग त्यांनी वही घेतली आणि मेलेली जोडायला लागले. सवयी सगळ्या जुन्याच राहिल्या. जेवताना भात हवा असला तर "भात, भवानीतला भ" म्हणत, आणि काकू रागावून बोलू लागल्या की "तीन मिनिटं जाहली, वाढवूं का?" असं अदबीने विचारत. काकू नेहमी वाढवून घेत.

त्यांची कामाची पद्धत शास्त्रशुद्ध होती असं ते म्हणत. घरातले टाकून दिलेले दात घासायचे ब्रश जमवून ते दगडांवरचं शेवाळ काढत. मग झिजलेली अक्षरं दिसावीत म्हणून त्यांत तांदळाचं पीठ चोळत. पीठ अर्थातच काकूंच्या रांगोळीच्या डब्यातलं. रोज सकाळी दारापुढे सडा घालून काकू डबा उघडत, आणि गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "जित्यांच्या दारात कोलम नाही, मेलेल्यांच्या दारात डब्बाभर." पण काकूंपेक्षा खरा विरोध होता तो मुंग्यांचा. आज अक्षरांत पीठ भरून यावं आणि उद्या कागदावर उतरवायला जावं, तर मुंग्यांनी अर्धा मजकूर घरी नेलेला. काका वहीत तसं प्रामाणिकपणे नोंदवत. ‘गोविंदराव. पैकी गो मुंग्यांकडे.’

मोडीतले दगड ते स्वतः वाचत, बाळबोधीतल्यांसाठी माझी नेमणूक झाली. मी दगडापुढे उकिडवी बसून वाचायची, ते उभ्याने तमिळ अक्षरांत टिपून घ्यायचे. त्या बदल्यात त्यांनी मला तमिळ अक्षरं शिकवली, आणि मला शोध लागला की आपल्याकडचे क, ख, ग, घ हे चौघे भाऊ तमिळमध्ये एकाच खोलीत राहतात. त, थ, द, ध यांचीही तीच गत. दारावर पाटी एकच, आत कोण बोलतंय ते ज्याचं त्याने ओळखायचं. घाटगे लिहिलं तर वाचणाऱ्याने मर्जीप्रमाणे काटके वाचावं, गाडगे वाचावं. "यात घोटाळा नाही होत?" मी विचारलं. काका म्हणाले, "ज्याला माणूस ठाऊक आहे त्याला नाही होत."

राईच्या टोकाला, विठ्ठलपंतांपासून फार लांब, अगदी बांधाला टेकून एक बुटका दगड होता. वृंदावन नाही, काही नाही. झुडूप दूर केलं तेव्हा बाळबोधीतली एक ओळ निघाली आणि मी वाचली: ‘धोंडू. छत्रीं पाणी देत असे.’ छत्रात पाणी देणारी, आणि ओळीखाली डोक्यावर घागर घेतलेली बाई कोरलेली, एवढंच; आडनाव नव्हतं, कुणाची मुलगी की बायको ते नव्हतं. काकांनी ती ओळ मला तीनदा वाचायला लावली. मी सांगितलं, आमच्याकडे मूल जगत नसलं की धोंडू, धोंडी असं नाव ठेवतात, दगडासारखं टिकावं म्हणून. काका खाली बसले, त्या दगडावर हात ठेवला आणि म्हणाले, "टिकली की मग." त्या दिवसापासून बाकीचे चाळीस एकीकडे आणि धोंडू एकीकडे. इतरांना ओळखीपाळखीचे बोल, हिच्यापुढे मात्र घरून आणलेल्या बाटलीतलं घोटभर पाणी ओतत आणि म्हणत, "आज मी देतों, तूं घे."

अशात ती जमीन विकली गेली. तेव्हा दिसेल त्या शेतात प्लॉट पडत होते. काल भात होता तिथे आज रंगवलेले खुंट आणि कमानीवर कुठल्या तरी नगराचं नाव. घेणारा प्लॉटवाला वाईट माणूस नव्हता. पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला विभूती, काकांना "रायर सार्" म्हणायचा. दगड हलवायला त्याला स्वतःलाच भीती वाटत होती. त्याने तोड सुचवली. ज्या समाधीसाठी वंशातलं कुणी लेखी देईल, आम्ही यांचे अमुक लागतो, हा दगड राहू द्या, ती समाधी तो ठेवील आणि भोवतीची जागा सोडील. जिला कुणी नाही तिथून रस्ता जाईल. मुदत दोन महिने.

काकांच्या अंगात पुन्हा एक्स्चेंज संचारलं. कोपऱ्यावरच्या बूथमध्ये ते सकाळपासून मुक्काम ठोकत. बूथवाल्याने त्यांना स्वतःचं स्टूल देऊन टाकलं. कुंभकोणम, तिरुची, मद्रास, जिथे म्हणून मराठी घर ऐकिवात आहे तिथे फोन. पलीकडे कुणी उचलला की काका जुन्या ऑपरेटरच्या सुरात म्हणत, "तुमच्या खापरपणजोबांचा कॉल आहे, लाइनवर राहा." अर्धे लोक फोन ठेवून देत. मग काका लग्नांना जाऊ लागले, बोलावणं असो वा नसो. मांडवात पंगतीत शिरून वरबापाच्या कानात सांगत, "तुमचे मूळपुरुष आंब्याखाली पडून आहेत, वरून गटार येतंय, इथं एक सही करा." बिचारा वरबाप अक्षता टाकता टाकता सही करी. मजा म्हणजे पुष्कळांनी हे पत्र वाचलंच नाही. त्या काळी घरी फोन यायला नंबर लावून वर्षं काढावी लागत, आणि काका टेलिफोनवाले, तेव्हा त्यांनी कागद पुढे केला की लोकांना वाटे आपला अर्ज हलला. टायर रिमोल्डिंगचं दुकान असलेले एक मराठा गृहस्थ सही करून वर्षभर थांबले आणि मग घरी येऊन म्हणाले, "सार्, कनेक्शन कधी देणार?" काका म्हणाले, "दिलं की. सहा पिढ्यांमागचं."

चाळीस पत्रं झाली. एकेचाळिसावं होईना. धोंडूचं कुणी असणारच कसं. काका आपल्या घराच्या समाधीसाठी सही करून बसले होते, तशीच आणखी एक ठोकून द्यायला काय हरकत होती? मी तसं सुचवलं तर ते दुखावले. "नसलेली लाइन जोडायची नाही, सूनबाई. पलीकडे कुणी तरी हलो म्हणायला पाहिजेल." दोन महिन्यांतले दहा दिवस उरले, आणि काका अजून बूथमध्ये बसून धोंडूचा माणूस शोधत होते.

दरम्यान मजुरांना दगड ओळखू यावेत म्हणून प्रत्येकापुढे पाटी लावायचं ठरलं. पत्र्याच्या पाट्या, लाल ऑइलपेंट, तमिळ अक्षरं. लिहायचं काम मी मागून घेतलं. नवीन शिकलेल्याला हौस फार. एकेचाळीस पाट्या मी जीभ बाहेर काढून रंगवल्या, काकांनी एकेक डोळ्यांजवळ धरून तपासली आणि "फर्स्ट क्लास" म्हणून पास केली. धोंडूचीही केली. पत्र मिळेपर्यंत निदान नाव तरी लागलेलं असूं दे, म्हणाले.

आता ध काही तमिळमध्ये नाही, तो त-च्याच खोलीत. तेव्हा धोंडू हे नाव तमिळ अक्षरांत लिहिलं की तमिळ माणूस ते वाचतो ‘तोण्डु’. आणि ‘तोण्डु’ म्हणजे ‘खण’, कुदळ घेऊन खड्डा खण. मला तेवढं तमिळ येत नव्हतं. काकांना आईच्या दुधाइतकं येत होतं, पण ते मराठी वाचायला बसले की त्यांचं तमिळ बाजूला झोपून जाई.

चार दिवसांनी सकाळीच प्लॉटवाल्याचा माणूस सायकल हाणत आला, म्हणाला चला. आम्ही मोपेडवरून गेलो. राईच्या टोकाला बांधापाशी कमरेइतका खड्डा, चारही बाजू गुण्या लावून काटकोनात कापलेल्या, आणि धोंडूचा दगड गोणपाटावर अलगद आडवा ठेवलेला. खड्ड्यात मेस्त्री आणि दोघे मजूर घाम पुसत उभे होते. आम्हाला बघून मेस्त्रीने अदबीने विचारलं, "अय्या, अजून किती खोल जायचं?"

काकांनी खड्ड्यात वाकून पाहिलं. मग म्हणाले, "तुला खणायला कोणी सांगिटलं?"

मेस्त्री बुचकळ्यात पडला. त्याने आधी पाटीकडे पाहिलं, मग काकांकडे. "तुम्हीच की, अय्या. चाळीस दगडांवर नावं आहेत, त्यांना हात लावला नाही. एकावर ऑर्डर आहे. ऑर्डर पाळली."

मी पाटी वाचली. दुसऱ्यांदा, या खेपेला तमिळ डोळ्यांनी वाचली, आणि मला जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. मी आंब्याच्या खोडाला धरून हसले, खाली बसून हसले. ते बघून मजूर हसायला लागले, मेस्त्रीला अजून काही कळलेलं नव्हतं तरी तोही हसला. काका तेवढे हसले नाहीत. ते खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसले आणि हळूच म्हणाले, "सूनबाई, राँग नंबर." मग जरा वेळाने, "तिचं दुसरं कुणी नव्हतं. एक आपण होतों, आपणच कुदळ मारून उठवली." माझं हसू तिथेच विरलं. पाटी मी लिहिली होती. 

तोवर प्लॉटवाला आला. झालं ते ऐकून तोही खाली मान घालून खुदखुदला, पण मग म्हणाला, "रायर सार्, दगड निघालाच आहे, आणि पत्र तर नाही. देवाचीच इच्छा म्हणा. दुपारी खडीची लॉरी येते, हा बाजूला कुठे तरी ठेवून देऊ." कुठे तरी म्हणजे कुठे, ते त्याला माहीत नव्हतं, आम्हालाही नाही. काका नुसते दगडाकडे बघत राहिले. त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मला वाटतं, मुद्दामच पाहिलं नाही.

मी प्लॉटवाल्याच्या खिशातलं पेन मागून घेतलं. काकांच्या पिशवीत पत्राचा कोरा नमुना होताच. समाधी कुणाची: धोंडू. लिहून देणार: माझं नाव. नातं: सून.

काकांनी कागद घेतला, चष्मा लावला, पुन्हा पुन्हा वाचला. नेमकं याच वेळी त्यांच्यातला ऑपरेटर जागा झाला. "सून कोणीकडून?" त्यांनी विचारलं.

"साताऱ्याकडून," मी म्हणाले.

ते विचारात पडले. वही काढली, पानं चाळली, पुढून मागे आणि मागून पुढे. धोंडूच्या पानावर एक ओळ सोडून सगळं कोरंच होतं. प्लॉटवाला, मेस्त्री आणि मजूर, सगळे निकाल लागायची वाट पाहत उभे. अखेर काकांनी वही मिटली. "तिकडची लाइन मला हिकडून तपासतां येत नाही," ते म्हणाले. "तूं आहे म्हणतेस, म्हणजे असेल. सरि, चालेल." आणि मग त्यांना हसू आलं. मघाचं राहिलेलं सगळं एकदम आलं. धोतराच्या सोग्याने डोळे पुसत, मांडी थापटत, "चाळीस नावं, एक ऑर्डर" असं पुटपुटत ते इतके हसले की मेस्त्रीने घाबरून त्यांना पाणी आणून दिलं. ते त्यांनी अर्धं प्यायलं आणि अर्धं त्या आडव्या दगडावर ओतलं.

दगड त्याच दुपारी पुन्हा उभा राहिला. मेस्त्रीने मजुरी घेतली नाही, म्हणाला, माझंही वाचन कच्चंच. रस्ता तिथे दोन हात वळवून घेतला. नगर वसलं, घरं झाली, आणि नवख्या रिक्षावाल्यांना अजून कळत नाही की सरळ चाललेला रस्ता मध्येच अंग का चोरतो.

काका त्यानंतर पाच-सहा वर्षं होते. ताप आला आणि दोन दिवसांत गेले, कुणाला ट्रंक कॉल करायलाही वेळ मिळाला नाही. अस्थी तिरुवैयारूला कावेरीत सोडल्या. रायर तोप्पूत त्यांचा दगड नाही. आता कुणी दगड उभा करत नाही, आणि करायचा म्हटला तरी तिथे जागा कुठली.

मी वर्षातून दोन-चारदा जाते. परवा गेले तेव्हा समोरच्या घरात नव्याने राहायला आलेली एक बाई फाटकातून माझ्याकडे बघत होती. मी धोंडूच्या दगडावरची धूळ पुसली, पाणी घातलं. तिने तमिळमध्ये विचारलं, कोण लागतात तुमच्या? मी मागचापुढचा विचार न करता सांगून टाकलं, सासूबाई. बाईने लगेच दगडाला हात जोडले, चप्पल काढून जोडले. मला आधी गंमत वाटली. बसस्टॉपपर्यंत मी एकटीच हसत आले. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की ही गंमत घरी जाऊन सांगायला ज्याच्याकडे धावावं, आणि ज्याने वही उघडून गंभीरपणे "कोणीकडून?" असं विचारावं, तो माणूसच आता राहिलेला नाही. मग मला फार रडू आलं, आणि शेजारच्या बाईने मला खिडकीची जागा दिली.